जिप्सी जॅझ, गोव्याचा स्विंग आणि सुरतेची वरात

गिटारवादक जँगो राइनहार्ट जिवंत होता तोवर जिप्सी जॅझ नावाची वेगळी शैली नव्हती. तो वाजवत होता ते त्याच्या काळच्या लोकांना नुसते जॅझ वाटत होते. १९५३ साली तो गेला. त्यानंतर त्याच्या मनूश जमातीतल्या भाऊबंदांनी त्याच्या तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकल्या, त्याच सुरावटी हातात बसवल्या, पोरांना शिकवल्या, आणि दीड-दोन दशकांत या वादनाला जमातीचे नाव लागले. आज ऑस्लोपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत या शैलीची मंडळे आहेत, शिबिरे आहेत, तिच्यासाठी मुद्दाम घडवलेल्या गिटारी आहेत. गाडीत जन्मलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पोलिसांनी गावोगाव हुसकावलेल्या लोकांची कला इतकी कशी टिकली, हा प्रश्न मला सुरतेत राहून फार जवळचा वाटतो. कारण या शहरात खान्देशातून आणि सीमेवरच्या आदिवासी पट्ट्यातून आलेल्या वाजंत्र्यांचे मोठे संगीत रोज रस्त्यावर वाजते आणि त्याची कुठेही नोंद होत नाही. या दोहोंच्या मध्ये मुंबईतल्या गोवेकरांचा स्विंग उभा आहे. तिन्हींचा विचार एकत्र केल्याशिवाय यातल्या एकाचीही आजची अवस्था नीट कळणार नाही, असे माझे मत आहे.

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० चा, बेल्जियममधल्या लिबेर्शी गावाबाहेर उभ्या असलेल्या गाडीतला. आई-बाप दोघेही फिरस्त्या मनूश जमातीचे. ही जमात म्हणजे रोमा लोकांची पश्चिम युरोपातली एक शाखा, आणि रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडातून निघाले हे भाषेच्या अभ्यासाने पक्के झाले आहे. पोरवयात जँगोच्या हाती बँजो-गिटार आली. किशोरवयातच तो पॅरिसच्या नाचघरांत अ‍ॅकॉर्डियनवाल्यांच्या साथीला बसू लागला. ही नाचघरे गरिबांची. तिथले संगीत ओव्हेर्न्याहून पोटासाठी आलेल्या मजुरांनी, इटालियन अ‍ॅकॉर्डियनवाल्यांनी आणि मनूश साथीदारांनी मिळून घडवले होते. म्हणजे अमेरिकेचे जॅझ कानावर पडण्याआधीच या मुलाचा हात तीन स्थलांतरित समाजांच्या सरमिसळीत तयार झाला होता.

१९२८ साली पॅरिसच्या वेशीवर त्याच्या गाडीला आग लागली. बायको कचकड्याची फुले करून विकायची, ती फुले मेणबत्तीने पेटली. जँगो तेव्हा अठरा वर्षांचा. पाय कापावा लागेल असे डॉक्टर म्हणत होते, त्याने नकार दिला. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका मात्र कायमची आखडली. दीड वर्ष अंथरुणात काढताना भाऊ जोसेफने आणून दिलेल्या गिटारीवर त्याने उरलेल्या दोन बोटांनी नवे वादन उभे केले. ही कथा जगाला इतकी आवडते की तिच्यामुळे त्याचे संगीत झाकले जाते, आणि हे मला खटकते. आखडलेल्या बोटांमुळे तो मोठा झाला असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. बोटे गेल्यावर हात आडवा, वाद्याच्या दांडीवर वर-खाली पळवण्याची पद्धत त्याला शोधावी लागली, हे खरे. पण सुरावट कुठे मोडायची, कुठे एकच स्वर धरून थरथरवायचा, कुठे गप्प बसायचे, ही समज बोटांत नसते.

१९३४ मध्ये ‘हॉट क्लब ऑफ फ्रान्स’च्या नावाने त्याचे पंचक उभे राहिले. तीन गिटारी, एक व्हायोलिन, एक मोठे उभे बास. ड्रम नाही, ट्रंपेट नाही, पियानो नाही. व्हायोलिनवर स्तेफान ग्रापेली, गिटारींवर जँगोसोबत भाऊ जोसेफ आणि रोजे शापू, बासवर लुई व्होला. तोवरचे जॅझ मुख्यतः फुंकवाद्यांचे होते, आणि या पाच जणांनी ते तारांवर आणले. ड्रम नसल्यामुळे तालाचा सगळा भार साथीच्या दोन गिटारींवर आला, आणि त्यातून या शैलीचा कणा तयार झाला. चार मात्रांत पहिली आणि तिसरी हलकी, दुसरी आणि चौथी छाटलेली. हात तारांवरून खाली येतो आणि डाव्या हाताची पकड लगेच सैल होते, म्हणून स्वर उमटतो तोच विझतो. फ्रेंच लोक याला ‘पोंप’ म्हणतात. १९३७ चे ‘मायनर स्विंग’ लक्ष देऊन ऐका. जँगोची गिटार क्षणभर विसरून फक्त मागची छाटणी ऐका. लय कुठेही धावत नाही, मागे पडत नाही, आणि तरी पाय स्थिर राहत नाही. मग पुढच्या गिटारीकडे या. ती या छाटणीच्या किंचित मागे रेंगाळते आणि सम गाठायच्या वेळी अचूक गाठते. आपल्याकडच्या चांगल्या ढोलकीवाल्याच्या साथीत लावणी ऐकलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वाद्यही लक्षात ठेवण्यासारखे. मारियो मकाफेरी या इटालियन कारागिराने आखलेली आणि पॅरिसच्या सेल्मर कंपनीने १९३२ पासून बनवलेली गिटार, गोंगाटातही ऐकू जावी म्हणून तिचा आवाज धारदार. अशा गिटारी एकूण हजारसुद्धा झाल्या नाहीत. सॅक्सोफोनसाठी प्रसिद्ध असलेल्या कारखान्यातले हे वाद्य, पण आज ते मनूश जमातीचे पिढीजात वाद्य वाटते.

या संगीताची सामाजिक बाजू सांगताना दोन तारखा शेजारी ठेवाव्या लागतात. फ्रान्सने १९१२ साली भटक्यांसाठी कायदा केला. प्रत्येकाजवळ ओळखवही हवी, तिच्यात फोटो, शरीराची मापे, बोटांचे ठसे. गावात शिरताना आणि सोडताना तिच्यावर शिक्का. त्याच्या आदल्याच वर्षी, १९११ मध्ये, आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा सुधारून मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्यातही नोंदणी, त्यातही बोटांचे ठसे, त्यातही हजेरी. सुरत तेव्हा याच इलाख्यात होती. दोन वेगवेगळ्या साम्राज्यांना फिरत्या माणसाची भीती मात्र सारखीच वाटत होती. आपला कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, फ्रान्सची ती वही १९६९ पर्यंत चालली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’, किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ वाचलेल्या मराठी वाचकाला मनूश कुटुंबाच्या घरातली भीती परकी वाटणार नाही. दुसऱ्या महायुद्धात तर नाझींनी रोमांचा वंशसंहार केला. बळींचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. फ्रान्समध्ये मोंत्रे-बेले इथे आणि इतरत्र भटक्यांना तारांच्या कुंपणात कोंडले, त्यातले काही १९४६ पर्यंत सुटले नाहीत. त्याच वर्षांत, त्याच देशाच्या राजधानीत, जँगोच्या ‘न्युआज’ या रचनेवर लोक जीव टाकत होते. जर्मन अधिकारी श्रोत्यांत असत. त्याचे वादन त्यांना हवे होते, त्याची जमात नको होती.

मग ही कला टिकली कशाने? एक कारण सर्वमान्य आहे, ते म्हणजे कुटुंब. मनूश घरांत मुलगा चार-पाच वर्षांचा झाला की काकाच्या शेजारी बसतो, वर्षानुवर्षे फक्त छाटणी वाजवतो, आणि हात बसल्यावरच त्याला पुढे येऊ देतात. पण केवळ कुटुंबाने टिकले असते तर जगभर पसरले नसते. दुसरे कारण शार्ल दलोने. रॉबेर आणि सोनिया दलोने या चित्रकार जोडप्याचा हा मुलगा हॉट क्लबचा कार्यकर्ता होता. १९३६ साली त्याने जॅझच्या ध्वनिमुद्रिकांची एक सूची छापली. कोणती तबकडी, कधी मुद्रित झाली, ट्रंपेटवर कोण, पियानोवर कोण, गिटार कोणाच्या हातात. तोवर तबकडीवरचे बँडचे नाव वाचून लोक समाधान मानत. साथीदाराला नाव असते आणि ते लिहून ठेवायचे असते, ही शिस्त जॅझला या पुस्तकाने लावली. जँगोचे चरित्रही दलोनेनेच लिहिले. त्यामुळे आज जोसेफ राइनहार्टने कोणत्या दिवशी कोणत्या गाण्याला साथ केली हे आपल्याला ठाऊक आहे. जँगोच्या अखेरच्या दिवसांचे गाव, सेन नदीकाठचे सामुआ, तिथे १९६८ मध्ये पहिला महोत्सव झाला. शेकडो गिटारवाले नंतर दरवर्षी तिथे जमू लागले. कुटुंबातला हात आणि बाहेरची नोंद या दोन्ही गोष्टी जुळल्या.

आजचे चित्र मात्र मला समाधानकारक वाटत नाही. नोंदीने वाचवलेले संगीत नोंदीतच अडकले आहे. कोणत्याही मैफिलीला जा, त्याच पंधरा-वीस रचना, त्याच जँगोच्या सुरावटी, फक्त वेग वाढलेला. वेगाची ही शर्यत या कलेला लागलेला रोग आहे. स्टोकेलो रोझेनबर्गसारखा वादक वेगातही स्वर गोल ठेवतो, पण त्याच्या मागून आलेल्या शेकडो जणांच्या हातात फक्त वेग उरतो. जँगो स्वतः अखेरच्या वर्षांत विजेच्या गिटारीवर, बीबॉप या नव्या जॅझशैलीच्या वाटेवर होता. एप्रिल १९५३ मधल्या त्याच्या शेवटच्या मुद्रणात पंचकाचा मागमूस नाही. तो पुढे गेला आणि त्याचे भक्त १९३७ मध्ये थांबले. याला ठळक अपवाद बिरेली लाग्रेनचा. १९८० मध्ये, तेरा वर्षांच्या या मुलाने जँगोच्या वाटेवरची पहिली तबकडी काढली आणि जगाला वाटले, वारस मिळाला. त्याने काही वर्षांत ती वाट सोडली, विजेच्या गिटारीवर वेगळे जॅझ वाजवले, आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या अटींवर परत आला. घराण्याचा मान राखायचा तर घराण्याबाहेर जाऊन यावे लागते, हे त्याने दाखवले. बायकांना या घराण्यात अजून जागा जवळपास नाही, आणि महोत्सवाचे आयोजक याबद्दल फारसे बोलत नाहीत. शिवाय मनूश गिटारवाल्याला मंचावर बोलावणारी गावे मनूश कुटुंबाची गाडी वेशीबाहेरच थांबवतात. पाच हजारांवर वस्तीच्या गावांनी गाड्यांना जागा द्यावी असा कायदा फ्रान्समध्ये २००० साली झाला, तरी टाळाटाळ थांबलेली नाही.

आता मुंबईकडे येऊ. पॅरिसमध्ये पंचक उभे राहिले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्याकडून स्विंग उचलला तो मुख्यतः गोवेकरांनी. त्यांना तो उचलता आला कारण गोव्यातल्या चर्चच्या संगीतशाळांत मेस्त्रीने, म्हणजे संगीतशिक्षकाने, त्यांना लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले होते. पोटासाठी मुंबईत आल्यावर ते धोबी तलावच्या कुडांत, म्हणजे आपापल्या गावाच्या सामायिक खोल्यांत राहत. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये वाजला. हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ नावाने ट्रंपेट वाजवू लागला आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

या मंडळींची गाठ पडली ती पुणतांब्याच्या चितळकरांशी, आणि मराठी माणसाने हा प्रसंग फार अभिमानाने सांगितला पाहिजे. राम नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय संगीत शिकलेले. त्यांनी या स्विंगला हिंदी सिनेमात आणले आणि नक्कल होऊ दिली नाही. ‘शहनाई’, ‘समाधी’, ‘अलबेला’, ‘आशा’ या चित्रपटांतली गाणी ऐकताना चाल मराठी कानाची आहे, उठाव ट्रंपेटचा आहे, आणि दोहोंत कुठे शिवण दिसत नाही. चिक चॉकलेट त्यांचे सहायक होते. ‘अलबेला’तल्या एका गाण्यात तर ते आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात. पंचकाने स्विंग जसा नाचघराच्या वॉल्ट्‌झमध्ये मुरवला, तसा रामचंद्रांनी तो लावणीच्या, कव्वालीच्या, भावगीताच्या देशात मुरवला. गुणवत्तेत हे काम पॅरिसच्या कामापेक्षा तसूभर कमी नाही.

पण या कामाचे झाले काय? तबकडीवर गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव, बस. ट्रंपेट कोणाचा, ते संगीत स्वरलिपीत कोणी बसवले, सॅक्सोफोनचा तो तुकडा कोणाला सुचला, हे कोणी लिहिले नाही. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांनी दशकानुदशके वाद्यवृंद रचले आणि श्रोत्यांना ते अनोळखीच राहिले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातून अँथनी गोन्साल्विस हे नाव घराघरांत गेले, तेही शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेमुळे. बहुतेकांना ते काल्पनिक पात्राचेच वाटले. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेले. नोंदी करण्याचे काम फार उशिरा सुरू झाले. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाचे सिनेवादकांवरचे पुस्तक २००८ चे, नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ त्याच्याही नंतरचे. तोवर बहुतेक वादक वारले होते. मनूशांचे संगीत नोंदीत गोठले, गोवेकरांचे संगीत नोंदीवाचून विरघळले. गाणी अमर झाली, वादक गेले, आणि वादकांबरोबर घराघरांतून हात पुढे जाण्याची साखळीही तुटली. या दोन नशिबांत निवड करायची वेळ आली तर मी पहिले घेईन. गोठलेल्या संगीतातून बिरेली निघू शकतो. विरघळलेल्यातून कोणी निघत नाही.

मुंबईच्या क्लबांना मोठा फटका बसला तो दारूबंदीने. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारू बंद झाली आणि नाचघरांचे उत्पन्न आटले. वादक सिनेमाच्या स्टुडिओत गेले. १ मे १९६० रोजी राज्य दुभंगले. महाराष्ट्राने पुढे बंधने सैल केली, गुजरातने तोच कायदा आजवर चालवला. याचा संगीतावर झालेला परिणाम कोणी मोजत नाही. सुरत हे हिऱ्याचे आणि कापडाचे एवढे श्रीमंत शहर, पण इथे वादकाला रोज रात्री वाजवायला बार नाही, क्लबाचा मंच नाही. इथे वाद्य वाजवून जगायचे तर लग्न, गणपती, नवरात्र, जयंती आणि खान्देशी देवी कानबाईचा उत्सव. म्हणून इथले जिवंत संगीत रस्त्यावर आहे, आणि ते वाजवणाऱ्यांत मोठा वाटा तापीच्या वरच्या अंगाने आलेल्यांचा आहे.

उधना-जळगाव रेल्वेमार्ग हा या संगीताचा रस्ता. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. नवापूर स्टेशनात दोन राज्यांची हद्द फलाटावरूनच जाते, अर्धे स्टेशन महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. भुसावळ पॅसेंजरने यंत्रमागावर काम करायला आलेली माणसे लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथे राहिली आणि सोबत अहिराणी, कानबाई आणि बँड घेऊन आली. श्रावणातल्या रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, कानबाईच्या विसर्जनाची मिरवणूक लिंबायतेतून तापीकडे निघते तेव्हा हे संगीत ऐकावे. पुढे बाया डोक्यावर कानबाई घेऊन, मागे गाडीवर बँड.

गाडीवर मध्यभागी बेंजो असतो. १९१२ साली नागोयातल्या एका जपानी कारागिराने शोधलेले हे वाद्य हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले आणि आपल्या बँडवाल्यांनी त्याला वीज जोडली. टाइपरायटरसारख्या कळांवर डावा हात, नखी धरलेला उजवा हात तारांवर. या वाद्यात मींड नाही. कळ दाबली की स्वर ठरलेला. म्हणून चांगला बेंजोवाला मींडेची जागा दोन युक्त्यांनी भरतो. एक, शेजारच्या दोन-तीन कळा इतक्या झपाट्याने ओलांडायच्या की कानाला घसरल्याचा भास व्हावा. दुसरी, एकच कळ दाबून नखीने तार थरथरवत ठेवायची आणि गाणाऱ्याचा श्वास जिथे तुटला असता तिथे थांबायचे. नाचणारे रंगात आले, कोणी नोट ओवाळली, की अंतरा संपत नाही. बेंजोवाला मुखड्याचा छोटा तुकडा तोडून फिरवतो, वरच्या सप्तकात नेतो, ढोलकीवाला त्याला उत्तर देतो, आणि आधी ठरवलेले काहीच नसताना पाच मिनिटे निघून जातात. हाच उत्स्फूर्त विस्तार जॅझवाले करतात तेव्हा त्यावर पुस्तके निघतात. सीमेवरच्या आदिवासी बँडांत तर याहून धाडसी काम चालू आहे. तिथले वादक कीबोर्डवर सनईचा आणि पावरीचा आवाज बांधतात, पट्टीचा दांडा हलवून स्वर वाकवतात, आणि खाली रोडाली, टिमली या आदिवासी नाचांचा गोल ठेका अखंड फिरत राहतो. या पट्ट्यातल्या लग्नांत पोरे तासन्‌तास त्यावर एका रांगेत नाचतात. गेल्या पंचवीस वर्षांत पश्चिम भारतात घडलेले सर्वांत जिवंत नवे संगीत हेच आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो.

त्यातले दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. आवाजाची पातळी आता ऐकण्याच्या पलीकडे गेली आहे. भोंग्यांच्या भिंतीसमोर बेंजोची ती थरथर कोणालाच ऐकू येत नाही, म्हणून ती करण्याचे कष्टही पोरे सोडू लागली आहेत. ऑक्टोपॅडमध्ये भरलेला ठेका नाचणाऱ्याकडे बघत नाही. संबळवाला बघायचा. क्लॅरोनेट आणि ट्रंपेट जवळपास संपले. जुन्या बँडमास्तरांच्या हाताखाली स्वरलिपी नसली तरी दोन सुरांची जोड असायची, आता सगळी वाद्ये एकाच चालीवर धावतात. आणि डीजेची गाडी सहा माणसांच्या बँडपेक्षा स्वस्त पडते, हा हिशेब कोणत्याही टीकेपेक्षा भारी आहे.

वाजवणाऱ्याच्या जातीचा प्रश्नही टाळता येत नाही. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात लग्नात डफडे, हलगी, सनई वाजवणे हे मांगांच्या, महारांच्या वाट्याला आलेले काम होते, मानाचे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत असंख्य घरांनी ते वाद्य खाली ठेवले, आणि तो स्वाभिमानाचा निर्णय होता. नंतर त्याच समाजाने भीमगीतांतून बेंजो आणि ढोलकी स्वतःच्या उत्सवासाठी, स्वतःच्या नावाने उचलली. मनूशांमध्येही १९५० नंतर असेच काही घडले. पेंटेकोस्टल पंथात गेलेल्या अनेकांनी बारमधले वादन सोडले आणि गिटार प्रार्थनेत आणली. दुसऱ्यांच्या आनंदासाठी वाजवायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क वादकाचा आहे. म्हणून सुरतेच्या बँडला ‘लोककला’ म्हणून गोंजारण्यात मला रस नाही. त्याला कलावंत म्हणून नाव हवे, दर हवा, आणि तो सोडून जायचे ठरवले तर तेही मोकळेपणाने करता यावे.

सध्या त्याचे नाव कुठेच नसते. यूट्यूबवर या बँडांच्या चित्रफिती लाखो लोक पाहतात. खाली बँडचे नाव असते, मालकाचा फोन असतो, गाडीचे वर्णनही असते. बेंजोवर कोण होता, ढोलकीवर कोण, ते नसते. चिक चॉकलेटच्या पिढीचे जे झाले तेच आपण डोळ्यांदेखत पुन्हा होऊ देत आहोत, आणि यावेळी तर प्रत्येकाच्या खिशात नोंद करण्याचे यंत्र आहे. गोठण्याची भीती मी वर सांगितली, पण ती आज आपली भीती नाही. आधी नोंद तरी होऊ द्या.

सुरतेतल्या मराठी मंडळांना, खान्देशी समाजसंस्थांना आणि लग्नघरांना माझी विनंती आहे. सुपारी देताना वादकांची नावे विचारा आणि चित्रफितीखाली ती लिहा: नाव, वाद्य, गाव, कोणाकडे शिकला, कोणत्या वर्षापासून वाजवतो. जुन्या बँडमास्तरांकडे ब्रास बँडच्या काळातले फोटो आणि सुपारीच्या वह्या असतात, त्या वह्या रद्दीत जाण्याआधी त्यांच्या प्रती काढून घ्या. आणि महापालिकेच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांनी हे काम सातवी-आठवीच्या मुलांना द्यावे. त्यांच्या प्रत्येक वर्गात कोणाचा ना कोणाचा काका, मामा किंवा बाप बँडमध्ये वाजवतो, आणि त्याला आजवर कोणी काही विचारलेले नाही.